कार्यकर्त्यालाही शुगर असते



24 जुलै 2021 ला आषाढी पौर्णिमा होती. वर्षावास सुरू होणार होता. एरवी या तीन महिन्यांत वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. 2020 मध्ये विहाराला कुलूप होतं, 2021 मध्येही धार्मिक स्थळं बंदच होती. त्यात तिसऱ्या लाटेची चर्चा सुरू झाली होती. म्हणजे पुन्हा घरात बसायची वेळ येऊ शकत होती. ती येण्याआधी आम्हाला एका विषयावर बोलायचं होतं. आपल्या चळवळीत त्यावर कुणी भाषण करत नाही, ठराव मांडत नाही. विषय आहे कार्यकर्त्यानं स्वतःच्या शरीराची आणि मनाची काळजी घेण्याचा.

हे वाचून काही जण हसतील. इथे समाजावर अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आरक्षण संपवायला निघालेत आणि तुम्हाला झोपेचं आणि गोळ्यांचं पडलंय? आम्हीही दोन वर्षांपूर्वी असंच म्हटलं असतं. किंबहुना म्हणतच होतो. म्हणून हा लेख आधी आमच्याविरुद्ध आहे.

आम्ही म्हणजे परभणीतल्या एका वस्तीतली आठ-नऊ माणसं. त्यात दोन शिक्षक, एक रिक्षावाला, एक एमएसडब्ल्यू झालेली आणि नोकरी नसलेली ताई, दोघं गवंडीकाम करणारे, बाकीची मुलं स्पर्धा परीक्षांच्या नादातली. कुठल्या गटाचे हे विचारू नका. लॉकडाऊनमध्ये किराणा वाटताना गट विसरलो होतो आणि तेवढं एक बरं झालं होतं.

24 मार्च 2020 च्या रात्री 21 दिवसांची घोषणा झाली. दोन दिवसांआधीच रेल्वे थांबली होती. तपोवन नाही, देवगिरी नाही, स्टेशनवर शुकशुकाट. आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी परभणीचं स्टेशन इतकं गप्प कधी ऐकलं नव्हतं. पुढे पुण्या-मुंबईहून आपली माणसं मिळेल त्या वाहनानं, नाहीतर पायी यायला लागली आणि गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांना चौदा-चौदा दिवस ठेवलं गेलं.

त्याच दिवसांत टीव्हीवर आणि मोबाईलवर एक नवीन उपदेश सुरू झाला. घरात राहण्याची संधी मिळाली आहे, तिचा उपयोग करा. योगासनं करा. कॉफी फेटा. केक करा. स्वतःसाठी वेळ काढा. एखादी खोली फक्त स्वतःसाठी ठेवा. आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब केला, आमच्या गल्लीतल्या किती घरांत अशी जास्तीची खोली आहे. एकाही नाही. दोन खोल्या, वर पत्रे, आत सात माणसं आणि मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास. दुपारी बारानंतर पत्र्याखाली बसणं म्हणजे काय असतं, हे त्या उपदेशकांना कुणी सांगावं? आमच्या इकडे लोक घरात राहत नव्हते, घराच्या सावलीत राहत होते. सावली सरकली की खाटही सरकायची. पोलीस आले की आत, गेले की बाहेर.

म्हणून आम्ही ठरवून टाकलं की ही ‘स्वतःची काळजी’ म्हणजे पोट भरलेल्यांचं खूळ आहे. आपल्याला ते लागू नाही. इथे आमची चूक झाली. ज्यांनी तो शब्द उचलला त्यांच्यावर राग काढता काढता आम्ही ती गरजच नाकारली.

‘सोशल डिस्टन्सिंग’ या शब्दावर मात्र आमचा राग बरोबर होता, असं आम्हाला आजही वाटतं. ‘सामाजिक अंतर ठेवा’ असं भोंग्यावरून ओरडत गाडी वस्तीत आली, तेव्हा एक आजोबा म्हणाले, आणखी किती ठेवायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2020 मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली होती, पण आपल्याकडे तो शब्द भोंग्यापर्यंत पोहोचलाच नाही. आमच्या फलकावर आम्ही खडूनं ‘शरीरानं लांब, मनानं जवळ’ असं लिहिलं. पावसापर्यंत ते टिकलं.

14 एप्रिल 2020. आपल्या आयुष्यातली पहिली जयंती, जी मिरवणुकीशिवाय झाली. सगळ्या नेत्यांनी आवाहन केलं होतं, घरातच साजरी करा. आणि समाजानं ऐकलं, हे ठासून सांगायला हवं. ज्या समाजाच्या जयंतीच्या गर्दीवर वर्तमानपत्रं दरवर्षी वाहतुकीच्या कोंडीची बातमी छापतात, त्या समाजानं दारात मेणबत्ती लावली, घरात वंदना घेतली आणि दार लावून घेतलं. त्याच दिवशी सकाळी टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी आनंद तेलतुंबडे यांना एनआयएपुढे हजर व्हावं लागलं. त्या संध्याकाळी पुष्कळांना जेवण गेलं नाही. पण एकमेकांना फोन करून ‘तू कसा आहेस’ असं विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आम्ही निषेधाचं पत्रक लिहीत बसलो. पत्रक लिहायलाच हवं होतं. फोनही करायला हवा होता. पुढच्या वर्षी 14 एप्रिल 2021 ला रात्री आठपासून राज्यात पुन्हा संचारबंदी लागली. दोन जयंत्या अशा गेल्या.

या दोन वर्षांत सर्वांत गप्प राहिले ते गायनपार्टीवाले. एप्रिल-मे हा त्यांचा हंगाम असतो. त्या कमाईवर पेटी दुरुस्त होते, मुलीची फी भरली जाते, पावसाळ्यातले चार महिने निघतात. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ ढोलकीवादकांनी किराण्याची पिशवी घ्यायला नकार दिला. ‘दुसऱ्याला द्या,’ म्हणाले. आठ दिवसांनी कळलं, घरात फक्त तांदूळ होता. आयुष्यभर स्वाभिमानाची गाणी गायलेल्या माणसाला मदत मागणं म्हणजे स्वाभिमान गमावणं वाटावं, हे आपण त्याला कधी शिकवलं? आपण हक्क मागायला शिकवलं, ते बरोबर केलं. ‘मला बरं वाटत नाही, मला मदत लागेल’ हे म्हणायला शिकवलं नाही.

तांदळाचा विषय निघालाच आहे. एप्रिल 2020 पासून रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळाला. त्यानं उपासमार टळली, हे खरं आहे आणि ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण आपलं पोट ज्वारीच्या भाकरीवर पोसलेलं आहे. पिठाच्या गिरण्या बंद, हाताला काम नाही, ज्वारी विकत घ्यायला पैसा नाही, म्हणून सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. ज्याला शुगर आहे त्यानंही भात. फिरणं बंद, कष्ट बंद. सरकारी दवाखान्यातल्या शुगर-बीपीच्या गोळ्या आणायला जायची भीती, कारण तिकडे गेलं की कोरोना चिकटतो अशी अफवा. सहा महिन्यांत आमच्या वस्तीत किती जणांची शुगर बिघडली, कोण मोजणार होतं?

आणि बायका. इथे आमच्या गटातल्या पुरुषांना मान खाली घालून लिहावं लागतंय. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. हात धुवा, हात धुवा म्हणून सगळं जग सांगतंय, त्या हातांसाठीचं पाणी कोण भरतंय? सगळी माणसं घरात म्हणजे चहा चारदा, भांडी दुप्पट, धुणं दुप्पट. पोरांची शाळा मोबाईलवर, आणि मोबाईल एक. पुरुष ओट्यावर पत्त्यांचा डाव टाकून बसलेले. आमच्यातल्याच एकाच्या घरी आम्ही ‘लॉकडाऊन आणि बहुजन समाज’ यावर चर्चा करत होतो, तेव्हा वहिनींनी चौथ्यांदा चहा ठेवला आणि म्हणाल्या, “तुमी घरात बसलात म्हणून आमचं काम दुप्पट झालं. आमी कवा बसावं?” चर्चा तिथेच थांबली. थांबायलाच हवी होती. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं, त्यांचे अनुयायी आम्ही, आणि कपबशी विसळायची वेळ आली की आम्हाला चळवळीचं काम आठवतं.

तरीही 2020 आम्ही रेटून नेलं. धडा शिकलो तो 2021 च्या एप्रिलमध्ये.

आमच्यात एक जण होते. नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. वय 43. नामांतराच्या आंदोलनात वडील तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळे चळवळ घरातच. पहिल्या लाटेत किराण्याच्या पिशव्या त्यांनीच बांधल्या. दुसऱ्या लाटेत कुणाला खाट हवी, कुणाला सिलेंडर हवं, कुणाला रक्ताचा रिपोर्ट आणून द्यायचा, सगळीकडे तेच. त्यांना पाच वर्षांपासून शुगर होती. आम्हाला माहीत होतं. माहीत असून आम्ही त्यांच्याबरोबर बसस्टँडवर जिलेबी खाल्ली. ‘दादा, गोळी घेतली का?’ असं आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही. त्यांना ताप आला तेव्हा ‘उन्हाचा आहे’ म्हणाले आणि आणखी तीन दिवस दुसऱ्यांना घेऊन दवाखान्यात फिरले. चौथ्या दिवशी कुणीतरी जबरदस्तीनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा 84. खाट मिळाली, ऑक्सिजन मिळाला, स्टेरॉइड सुरू झालं, शुगर चारशेच्या वर गेली. आठव्या दिवशी ते गेले.

नंतर त्यांची झोळी आमच्याकडे आली. तीत एक वही होती. वस्तीतल्या 23 म्हाताऱ्याकोताऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे कोणती गोळी, किती दिवसांची उरली, कधी आणायची. अगदी नीट, तारखांसह. त्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं.

श्रद्धांजलीच्या सभेत, म्हणजे फोनवरच्या सभेत, सगळ्यांनी एकच सांगितलं. त्यांनी स्वतःची पर्वा केली नाही. हे कौतुकानं सांगितलं जात होतं. आम्हीही सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्यातली ताई म्हणाली, “आपण हे काय बोललो? स्वतःची पर्वा केली नाही म्हणून ते गेले, आणि आपण त्यालाच मोठेपण म्हणालो.” मित्रहो, हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही.

लगेच कुणी म्हणेल, सावित्रीमाईंचं काय? प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच त्या 10 मार्च 1897 ला गेल्या ना? हो, गेल्या. पण त्याआधी काय झालं होतं ते पाहा. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता. पुण्याबाहेर, हडपसरच्या माळावर, वस्तीपासून दूर रोग्यांसाठी दवाखाना उभारला होता. म्हणजे डॉक्टर, जागा, अंतर, सगळा विचार होता. ती व्यवस्था उभारण्याची गोष्ट आहे. आपण त्यातला फक्त मृत्यू उचलला आणि दवाखाना सोडून दिला.

बाबासाहेबांचंही आपण तेच केलं. ते रोज किती तास वाचायचे हे प्रत्येक भाषणात येतं. त्यांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी झोप लागत नव्हती, काठीशिवाय आणि आधाराशिवाय चालणं अवघड झालं होतं, हे आपण एक-दोन वाक्यांत उरकतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ साठी त्यांनी 1956 मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. तीत आपल्या गंभीर आजारपणाबद्दल त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे आणि आपल्याला जगवून हा ग्रंथ पूर्ण करू दिल्याबद्दल पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले आहेत. 1957 मध्ये ग्रंथ छापला गेला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ज्या माईसाहेबांनी डॉक्टर म्हणून त्यांचं पथ्य-पाणी सांभाळलं, त्यांच्यावर समाजानं पुढे कित्येक वर्षं संशय घेतला. काळजी घेणाऱ्याला आपल्या इतिहासात आपण कुठे बसवतो, हे त्यावरून दिसतं. जगातल्या एका मोठ्या विद्वानानं औषध घेतलं, पथ्य पाळलं, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. त्यानं त्यांचं चळवळीचं काम कमी झालं का?

आणि खुद्द तथागत? सहा वर्षं त्यांनी देह वाळवला. पाठ आणि पोट एक झालं, आणि त्यातून काही हाती लागत नाही हे कळल्यावर सुजातेची खीर घेतली. संबोधी त्यानंतरची आहे. मध्यम मार्ग आपण पंचशीलाच्या वर्गात शिकवतो आणि कार्यकर्त्याकडून मात्र वनातल्या तपश्चर्येची अपेक्षा ठेवतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये अतिसारानं लोळणाऱ्या भिक्खूची गोष्ट आहे. इतर भिक्खूंनी त्याला सोडून दिलेलं होतं. तथागतांनी आणि आनंदानं त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं आणि मग संघाला फैलावर घेतलं. तुम्हाला इथे आईवडील नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? दादांच्या बाबतीत हा प्रश्न आम्हालाच होता.

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. दादांची वही पुढे चालवली. पहिल्या पानावर आधी आमची स्वतःची नावं लिहिली, वय, शुगर, बीपी, कोणती गोळी. लाज वाटली, पण लिहिली. नऊपैकी चौघांना काही ना काही निघालं. त्यातल्या एकाला तर माहीतच नव्हतं, वय 31. वर्गणीतून दोन ऑक्सिमीटर घेतले. सहा मिनिटं चालायची चाचणी वस्तीतल्या पोरांना शिकवली. आधी आकडा बघायचा, सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. 93 च्या खाली आला किंवा आधीपेक्षा तीनाहून जास्त घसरला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. धाप लागत असेल तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत पालथं झोपायचं. लस घ्यायला लोक घाबरत होते, म्हणून आधी आम्ही घेतली आणि दंड दाखवत फिरलो. मोबाईल नसलेल्यांची नोंदणी ताईनं केली.

मनाचं काय करायचं ते जास्त अवघड होतं. एप्रिलमध्ये व्हॉट्सॲप उघडलं की भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. रात्री दोनला कुणीतरी फोटो टाकायचं आणि उरलेली रात्र जायची. आम्ही गटात नियम केला की रात्री नऊनंतर निधनाची बातमी टाकायची नाही, कुणाला मदत लागत असेल तर थेट फोन करायचा. एकानं विरोध केला, मग तोच म्हणाला की आता झोप लागते. सकाळी उठून वीस मिनिटं आनापानसती. टीव्हीवरचा योग बघून नाकं मुरडणाऱ्या आम्हाला, श्वासाकडे बघायला आपल्याच शास्त्यानं सांगितलंय हे आठवायला एवढा मोठा रोग यावा लागला. सगळ्यांना जमत नाही. रिक्षावाल्या मित्राला वीस मिनिटांत झोप लागते, तर लागू दे.

दारूबद्दल एक शब्द. 2020 च्या टाळेबंदीत दुकानं बंद होती तेव्हा काहींची पंधरा-वीस दिवसांत सुटली होती, घरात शांतता आली होती. मे महिन्यात दुकानं उघडू लागली आणि रांगेत तेच चेहरे दिसले. त्या वीस दिवसांत त्या माणसांजवळ बसायला हवं होतं. आमच्याकडून राहून गेलं.

घरातल्या कामाचं आम्ही लेखी ठरवलं. पाणी पुरुष भरतील. सकाळचा चहा आणि भांडी पुरुषांकडे. दुपारी चार ते पाच घरातल्या बाईनं काहीही करू नये, झोपावं, वाचावं, शेजारी जाऊन बसावं, कुणी हाक मारायची नाही. हे सगळ्या घरांत पाळलं जातं असं आम्ही म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. तीन घरांत पाळलं जातं. त्या वहिनी आता चार वाजता दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि नवऱ्याला आत चहा करायला लावतात. बघणारे हसतात.

काही तरुण मित्र आम्हाला विचारतात की हे सगळं म्हणजे सरकारनं अंग काढून घ्यायचं आणि लोकांनी स्वतःला सांभाळायचं, असंच नाही का? प्रश्न रास्त आहे. 15 सप्टेंबर 2020 ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम आली. घोषणा गोंडस आहे. पण त्या मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला आशाताईंनी, आणि त्यांना जगण्यापुरता मोबदला मिळावा म्हणून त्याच आशांना 15 जून 2021 पासून संप करावा लागला. त्यांचं कुटुंब कुणाची जबाबदारी होती? गटारात उतरणाऱ्या आपल्या सफाई कामगाराला मास्क आणि हातमोजे देणं त्याच्या कुटुंबाची जबाबदारी आहे का? तेव्हा आम्ही दोन्ही म्हणतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या का नाहीत यासाठी निवेदन द्यायचं, मोर्चा काढायचा, आणि मोर्चाला निघण्याआधी स्वतःची गोळी खायची.

वर्षावास कसा सुरू झाला ते आपण ऐकलेलं आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत, नुकती उगवलेली रोपं, किडामुंगी पायाखाली येत. लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. आपल्या फिरण्यानं दुसऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून एका जागी राहायचं. टाळेबंदीचा अर्थ कुणी आम्हाला 2020 मध्ये असा सांगितला असता, तर कदाचित आम्ही इतके चिडलो नसतो. त्या तीन महिन्यांत भिक्खू नुसते बसून नसत, शिकत, चर्चा करत, आजाऱ्याला पाहत, आणि शेवटी पवारणेला एकमेकांना विचारत की माझं काही चुकलं असेल तर सांगा.

तर 24 जुलै 2021 पासून आम्ही फोनवर वाचन सुरू करायचं ठरवलं. रोज रात्री आठ ते पावणेनऊ, पाळीपाळीनं एकेकानं वाचायचं. पहिल्या दिवशी त्या आजारी भिक्खूचं प्रकरण वाचायचं ठरलं. दर रविवारी सकाळी सात वाजता विहारासमोरच्या मोकळ्या जागेत, उपाशीपोटी, शुगर आणि बीपीची तपासणी. मास्क लावून, अंतर ठेवून. मशीन एक होतं. तपासणीच्या पट्ट्या महाग पडत होत्या, 2021 मध्ये पन्नासची डबी हजार रुपयांच्या आसपास जात होती, म्हणून कुणाच्या घरी ग्लुकोमीटर नुसता पडून असेल तर आणून द्यावा, पट्ट्या द्याव्यात, तारीख संपलेल्या देऊ नयेत. सुई प्रत्येकाला वेगळी. आणि कार्यकर्त्यांनी रांगेत शेवटी उभं राहून ‘आधी त्यांचं होऊ द्या’ म्हणायचं नाही. आपला नंबर आला की बोट पुढे करायचं.

जयभीम.